कॉम्प्युटर चालू होईना, प्रिंटर छापेना: तपासणी भिंतीपासून करा

मे महिन्यात एक काका गावाहून मोटारसायकलवर सीपीयू घेऊन आले. चादरीत गुंडाळलेला, पोरानं मागं बसून मांडीवर धरलेला. "दोन दिवस झाले, चालूच होईना गेलाय. मदरबोर्ड गेला म्हणायलेत सगळे." मी पिन लावली, बटण दाबलं. चालू. काका माझ्याकडं आणि मी काकांकडं बघत राहिलो. घरी जाऊन त्यांनी एक्स्टेंशन बोर्ड उघडला, तर आतली वायर स्क्रूतून निसटलेली. तेवढ्यासाठी उन्हात तीस किलोमीटर येणं आणि तीस किलोमीटर जाणं.

असं महिन्यातून एकदोनदा होतंच. लोक तपासणी उलटी करतात. आधी विंडोजवर संशय, मग रॅमवर (मेमरीची पट्टी), मग मदरबोर्डवर (आतला मुख्य बोर्ड), आणि भिंतीतल्या सॉकेटकडं कुणी बघतच नाही. खरा क्रम असा: भिंत, बोर्ड, यूपीएस, वायर, मग मशीन, मशीनच्या आतले भाग, आणि सॉफ्टवेअर शेवटी. शिवाय एका वेळी एकच बदल करायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन चालू झालं, तर बिघाड कशात होता ते कळत नाही आणि पुढच्या आठवड्यात तोच परत दारात उभा राहतो.

## तयारी: हात लावण्याआधी

प्लस तोंडाचा स्क्रूड्रायव्हर, पांढरा खोडरबर, रंगकामाचा कोरा ब्रश, धागे न सुटणारं सुती कापड आणि टॉर्च. इतकं पुरतं. पुसण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर घ्या; इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतो तेच. बोअरचं पाणी नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादलीच्या कडेला बसलेल्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. तोच थर प्रिंटरच्या रोलरवर बसतो.

सीपीयूच्या मागच्या सगळ्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढा. झाकण उघडलं की आतलाही काढा. "मला लक्षात राहील" म्हणणाऱ्यांच्या वायरी मी नंतर लावल्यात.

मशीन अधूनमधून का होईना चालू होत असेल, तर पहिलं काम दुरुस्ती नव्हे. पोरांचे दाखले, जमिनीची कागदपत्रं, फोटो पेनड्राइव्हवर काढून घ्या, मगच स्क्रू ढिला करा.

इशारा: एसएमपीएसचा डबा, म्हणजे सीपीयूतला वायरींचा जुडगा जिथून निघतो तो चौकोनी पेटारा, कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरात झटका देण्याइतका करंट शिल्लक असतो.

## टप्पा १: लाइट खरंच आहे का

१. त्याच सॉकेटमध्ये तारेचा जुना पिवळा बल्ब लावून बघा, एलईडी नको. मोबाईलचा चार्जर लावून खात्री करू नका, कारण चार्जर १०० व्होल्टवरही चालतो. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात व्होल्टेज बसतं. चार्जर मजेत चालतो आणि कॉम्प्युटर मात्र उठत नाही. एसएमपीएसच्या स्टिकरवर इनपुट २०० ते २४० लिहिलेलं असेल, तर १६०-१७० व्होल्टवर त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका. बल्ब पिवळट, मंद दिसला तर थांबा. रात्री दहानंतर परत बघा.

२. एक्स्टेंशन बोर्ड बाजूला काढा. सीपीयूची पिन थेट भिंतीत लावा.

३. यूपीएस असेल तर तोही वगळा. घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ एएचची बॅटरी असते. ती दोन-तीन वर्षं चालते, उन्हाळ्यात तापणाऱ्या खोलीत त्याहूनही कमी. बॅटरी बसली की काही यूपीएस लाइट असतानाही पुढं करंट सोडत नाहीत. थेट भिंतीवर कॉम्प्युटर चालू झाला, तर दोष यूपीएसचा.

४. सीपीयूची पॉवर केबल आणि मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक घरांत एकाच जातीच्या असतात. अदलाबदल करून बघा. नवी केबल आणायच्या आधी ही फुकटची तपासणी.

इशारा: लेझर प्रिंटर यूपीएसवर लावायचा नाही. छापताना त्यातला हीटर एकदम काही शे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देऊ शकतो. प्रिंट दिली की कॉम्प्युटरसकट सगळं बंद पडतं, आणि लोक म्हणतात कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे.

अनवाणी पायाने सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात? तो सीपीयूचा दोष नाही, घरातलं अर्थिंग धड नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या सळईपासून सुटते, आणि खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावापुरतं उरतं. खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा पाणी टाका. तरी मुंग्या येत असतील तर वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तितकंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट दिसायला हवेत. तिथं वीस-तीस दिसले तर आधी ते काम करा. आणि तीन पिनांच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवली असेल, तर ती मोडणाऱ्याला पत्र्याला हात लावायला सांगू नका, प्लग बदला.

## टप्पा २: कोणत्या जातीचा बिघाड

पिन काढा, यूएसबीला लावलेलं सगळं काढा, पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट उतरतो. मग फक्त मॉनिटर आणि कीबोर्ड लावून चालू करा. बरेच "मेलेले" सीपीयू इथंच उठतात, विशेषतः लाइट ये-जा करून गेल्यानंतरचे. काही यूएसबीवाल्या वस्तू, बिघडलेला पेनड्राइव्ह किंवा माऊस, मशीन उठूच देत नाहीत. त्या एकेक करून परत लावा म्हणजे चोर सापडतो.

उठला नाही, तर तीनपैकी कोणता प्रकार आहे ते नीट बघा.

प्रकार अ: काहीच हालचाल नाही. पंखा नाही, दिवा नाही. एसएमपीएसच्या मागं छोटा स्विच असतो, आडवी रेघ आणि गोल असलेला. झाडू मारताना तो बंद होतो. आडवी रेघ दाबलेली हवी. तो चालू असून काही नाही, तर दुकानात नेऊन दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. तोपर्यंत मदरबोर्ड गेला असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

प्रकार ब: पंखा फिरतो, पण पडदा काळा. मॉनिटरची केबल कुठं लावलीय ते बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल त्याच्याच सॉकेटला हवी. वरच्या बाजूच्या मदरबोर्डच्या सॉकेटला लावली की "नो सिग्नल" येतं. मॉनिटरचं इनपुट एचडीएमआयवर आहे की व्हीजीएवर, तेही त्याच्या बटणानं बघा. हे दोन्ही बरोबर असेल तरच रॅमकडं वळा.

रॅमचं काम असं करायचं. पिन काढलेली, सीपीयू आडवा, हात आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला टेकवलेला. सिंथेटिक साडी नेसून किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नका, अंगातली स्थिर वीज रॅमला मारते. रॅमच्या टोकांच्या पांढऱ्या खिट्ट्या बाहेर दाबा, पट्टी वर येईल. तिच्या खालच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवा. रबर काळा होतो, तो साठलेला मळ. रबराचा चुरा ब्रशनं झाडा, तोंडानं फुंकू नका; थुंकीचे थेंब उडतात आणि महिन्याभरात परत तेच. पट्टीच्या मध्ये एक खाच असते, ती स्लॉटच्या उंचवट्याशी जुळली की दोन्ही अंगठ्यांनी दाबा. खिट्टी आपोआप आत येऊन "टक" असा आवाज आला पाहिजे. दोन रॅम असतील तर एकच लावून चालू करा, मग दुसरीच, मग दोन्ही. चूक इथं हमखास होते: माणूस दोन्ही एकदम साफ करून लावतो, एक खरंच गेलेली असते आणि तरीही तो म्हणतो, "रॅम बघितली, ठीक आहे."

याच बैठकीत मदरबोर्डवरची रुपयाएवढी चकती बघा. ती सीआर २०३२, ३ व्होल्टची बटण बॅटरी. ती उतरली की लाइट गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षात जाते. मग बँकेची साइट उघडत नाही, सातबाऱ्याची उघडत नाही, सगळीकडं "कनेक्शन सुरक्षित नाही" दिसतं. लोक इंटरनेटवाल्याशी भांडतात. आधी कोपऱ्यातली तारीख बघा. बॅटरी घड्याळवाल्याकडंही मिळते.

प्रकार क: चालू होतो, दहा-पंधरा मिनिटांत बंद पडतो. बाहेर ४२ अंश, खोली पत्र्याची, सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात, वर देवघराचा कपडा. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला बंद होतो. सीपीयू कप्प्यातून बाहेर काढा, मागं वीतभर जागा सोडा. अंगणात नेऊन झाकण उघडा आणि ब्रशनं धूळ काढा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेनं तो भन्नाट फिरला की त्याची बेअरिंग जाते, मग महिनाभर घरघर ऐकत बसावं लागतं.

प्रोसेसरवरचा पंखा विनाकारण काढू नका. काढलाच तर जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते, तुरीच्या दाण्याएवढी. वाळलेल्या पेस्टवर पंखा तसाच परत बसवला तर मशीन आधीपेक्षा जास्त तापतं.

इशारा: हार्ड डिस्कमधून ठराविक अंतरानं "टक, टक" आवाज येत असेल तर लगेच बंद करा. परत परत चालू करून बघण्यात आतली माहिती जाते.

## टप्पा ३: प्रिंटर. आधी कॉम्प्युटर वगळा

प्रिंटरबद्दलचे निम्मे फोन एकाच प्रश्नानं संपतात: झेरॉक्स निघते का?

वर काच असलेला प्रिंटर असेल तर काचेवर कागद ठेवा आणि कॉपीचं बटण दाबा. कॉपी चांगली निघाली, तर प्रिंटर धडधाकट आहे; दोष केबल, वायफाय किंवा कॉम्प्युटरमध्ये. कॉपीही खराब, तर कॉम्प्युटरला हात लावायची गरज नाही. कागद, शाई किंवा रोलर बघा. ही एक तपासणी केल्याशिवाय पुढचं काहीच करू नका, नाहीतर ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) उडवून परत टाकण्यात रात्र जाते आणि अडकलेला असतो कागदाचा कपटा.

### कॉपी निघते, प्रिंट निघत नाही

पहिली सूचना: परत परत प्रिंट देऊ नका. जुलैच्या अखेरीस पीक विम्याच्या पावत्या काढताना एका घरात हे बघितलंय. पावती येईना म्हणून पोरानं बारा वेळा प्रिंट दिली. मी केबल नीट बसवली आणि प्रिंटर त्या बारा पावत्या ओकत बसला. पोरगा कागद मोजत होता, वडील पोराकडं बघत होते.

१. केबल काढून सीपीयूच्या मागच्या यूएसबीला लावा, पुढच्या नव्हे. मध्ये हब असेल तर काढा.

२. सेटिंगमध्ये प्रिंटरच्या यादीत एकाच प्रिंटरची दोन नावं दिसतात का? दुसऱ्यापुढं "कॉपी १" असं असतं. केबल वेगळ्या सॉकेटला लावली की विंडोज असं करतं. जे फिकट दिसतं ते मेलेलं. चालू असलेल्याला डिफॉल्ट करा आणि "डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या" ही खूण काढून टाका.

३. प्रिंटची रांग उघडा. "पॉज" किंवा "यूज प्रिंटर ऑफलाइन" यावर खूण असेल तर काढा. अडकलेली प्रिंट डिलीट करा.

४. डिलीट होतच नाही, "डिलीटिंग" लिहून बसलीय? स्टार्टमध्ये "सर्व्हिसेस" शोधा. यादीत "प्रिंट स्पूलर" (प्रिंटची रांग सांभाळणारी सर्व्हिस) शोधून थांबवा. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फायली पुसा. फोल्डर नव्हे, फक्त फायली. स्पूलर परत सुरू करा. क्रम महत्त्वाचा, स्पूलर चालू असताना फायली पुसल्या जात नाहीत.

५. प्रिंटरचा दिवा लुकलुकतोय, कागद भरलेला आहे, तरी तो कागद मागतोय? कागदाचा आकार बघा. ड्रायव्हरमध्ये बऱ्याचदा "लेटर" असतं, म्हणजे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्या ट्रेत ए४, २१० बाय २९७. प्रिंटर लेटरची वाट बघत राहतो. प्रिंटिंग प्रेफरन्समध्ये ए४ निवडा, आणि ज्या प्रोग्राममधून छापताय तिथंही.

वायफायवरचा प्रिंटर लाइट जाऊन आल्यावर ऑफलाइन दिसतो, ही आपल्याकडची खास तक्रार. राउटर परत चालू झाला की प्रिंटरला कधीकधी नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) देतो, कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर हाका मारत राहतो. तात्पुरता इलाज: आधी राउटर, दोन मिनिटांनी प्रिंटर, मग कॉम्प्युटर, या क्रमानं चालू करा. कायमचा इलाज: राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवा. प्रिंटर एकाच टेबलावर असेल तर मी सरळ यूएसबी केबल लावतो, झंझट नाही. आणि नव्यानं जोडताना नेटवर्क दिसत नसेल तर लक्षात ठेवा: पुष्कळ घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात, ५ चं नाही.

तपासा: सगळं छापतं पण एखाद्या पीडीएफमधली मराठी अक्षरं फुटून चौकोन येतात? प्रिंटर ठीक आहे. ॲडोबी रीडरमध्ये फाइल उघडून प्रिंटच्या ॲडव्हान्स्डमध्ये "प्रिंट ॲज इमेज" निवडा.

### कागद अडकतो

आधी प्रिंटर बंद. लेझर असेल तर वीस मिनिटं थांबा, आतला फ्यूजर, म्हणजे शाईची पावडर कागदावर वितळवणारा भाग, २०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. कागद दोन्ही हातांनी, तो ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं हळू ओढा. उलटा ओढला की फाटतो आणि कपटा आत राहतो. फाटलाच तर तुकडे टेबलावर जोडून पान पूर्ण होतं का बघा. एकदा माझ्याकडच्या पानाचा नखाएवढा कोपरा कमी होता. टॉर्च मारून शोधला तेव्हा रोलरमागं तो आणि शेंगदाण्याचं टरफल, दोन्ही सापडले.

पाठकोरे कागद वापरायची आपल्याला सवय. वापरा, पण स्टेपलची पिन काढून, दुमडलेला कोपरा सरळ करून, आणि पावसाळ्यात तर नकोच. दमट कागद वाकतो. उघडं रिम पॉलिथीनमध्ये बांधून ठेवा. उन्हाळ्यात याच्या उलट: कोरड्या हवेनं कागद एकमेकांना चिकटतात, दोन-तीन एकदम ओढले जातात. ट्रेत भरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसून घ्या, ट्रे गच्च भरू नका.

कागद घेतच नसेल, तर तो ओढणारा रबरी रोलर धुळीनं गुळगुळीत झालाय. डिस्टिल्ड वॉटरनं किंचित ओलं केलेलं कापड फिरवा, वाळू द्या. पेट्रोल, थिनर लावू नका, रबर कडक होतं.

### शाईचा प्रिंटर

रेघा, फिका रंग, एखादा रंग गायब. आधी टाकीत शाई आहे का बघा, मग नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारं पान, छापा. रेघा तुटक आल्या तर हेड क्लीनिंग एकदा, परत नोझल चेक. फार तर तीनदा. तरीही तुटक असेल तर रात्रभर तसाच ठेवा आणि सकाळी बघा. आत वाळलेली शाई भिजायला वेळ लागतो. लोक सलग दहा वेळा क्लीनिंग मारतात. प्रत्येक वेळी शाई खालच्या स्पंजात जाते, टाकी रिकामी होते, स्पंज भरतो आणि मग प्रिंटर काम करायचंच नाकारतो.

बंद करताना प्रिंटरच्याच बटणानं करा, भिंतीच्या नव्हे. बटणानं बंद केलं की हेड बाजूला जाऊन रबरी टोपीखाली बसतं. भिंतीवरून बंद केलं, तर ते वाटेतच उघडं राहतं, आणि आपल्या एप्रिलच्या हवेत चार दिवसांत वाळतं. छापता छापता लाइट गेली, तर आल्यावर प्रिंटर पूर्ण चालू होऊ द्या आणि मग बटणानं बंद करा. आठवड्यातून एक रंगीत पान काढत राहा.

इशारा: शाईच्या टाकीचा प्रिंटर मोटारसायकलवर आडवा नेऊ नका. शाई आत सांडते, नळ्यांत हवा शिरते. न्यायचाच असेल तर रिक्षात, टेबलावर असतो तसाच सरळ, मांडीवर.

### लेझर प्रिंटर

पानावर उभी फिकट पट्टी म्हणजे टोनर (लेझरची शाईची पावडर) संपत आलाय. कार्ट्रिज काढून आडवं धरा, पाच-सहा वेळा हलवा, अजून काही पानं निघतात. ठराविक अंतरानं तोच डाग येत असेल तर पट्टीनं अंतर मोजून लिहून ठेवा. तो फिरणाऱ्या ड्रमचा किंवा रोलरचा डाग आहे आणि त्या अंतरावरून मेकॅनिकला कोणता ते कळतं. अक्षरं बोटानं पुसली जातात? कागदाची सेटिंग बघा, जाड कागदाला पातळची सेटिंग असेल तर टोनर नीट वितळत नाही. ती बरोबर असेल तर फ्यूजर. नवं कार्ट्रिज टाकलं आणि पान कोरं आलं, तर त्याची सील केलेली प्लास्टिकची पट्टी ओढून काढायची राहिली आहे.

कार्ट्रिजमधल्या चकचकीत ड्रमला बोट लावू नका, उन्हात ठेवू नका. टोनर कपड्यावर सांडला तर झटकून थंड पाण्यानं धुवा, गरम पाण्यात तो धाग्यांत पक्का बसतो.

## टप्पा ४: दुकानात न्यायचंच झालं तर

प्रिंटर नेताना त्याची केबल आणि बिघडलेलं एक पान बरोबर घ्या. सीपीयू नेताना मॉनिटर नको, पण रॅम आणि हार्ड डिस्कवरच्या स्टिकरचे फोटो मोबाईलमध्ये हवेत. काय काय करून बघितलं ते चिठ्ठीवर क्रमानं लिहा. "आपोआप बंद पडला" याऐवजी "चालू केल्यावर बारा मिनिटांनी बंद, पंखा फिरत होता" असं लिहिलं की मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो. बदललेला जुना भाग परत मागा. मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो मिळतो, न मागणाऱ्याचा दुकानाच्या मागच्या पेटीत पडून राहतो.

आणि अवकाळीचं आभाळ भरून आलं की सगळ्या पिना काढा. नेटची लॅन वायर तांब्याची असेल तर तीही. वीज तिच्यातूनही आत येते.